दुकानातला जुना बारकोड स्कॅनर खेळाला कसा जुंपावा

यूएसबीच्या वायरीने जोडलेल्या बारकोड स्कॅनरला संगणक कीबोर्ड म्हणूनच ओळखतो. किराणा दुकानदार साबणाच्या वडीवर लाल रेषा धरतो, बारीक ‘टिट्’ असा आवाज होतो आणि बिलाच्या चौकटीत तेरा अंक उमटतात, तेव्हा कोणीतरी विलक्षण वेगाने ते तेरा अंक टाइप केले आणि वर एंटर दाबले, एवढेच संगणकाला कळलेले असते. रेषांचे अंकांत रूपांतर करण्याचे सगळे काम स्कॅनरच्या पोटातच उरकलेले असते. त्यामुळे दुकानातून बाद झालेला स्कॅनर कोणताही ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारी वेगळी प्रणाली, न घालता घरच्या संगणकाला लावता येतो आणि त्याच्याकडून बिलाऐवजी खेळातली कामे करून घेता येतात. एक कार्ड दाखवले की खेळातली रात्र सरून दिवस उजाडतो, दुसरे दाखवले की पाऊस थांबतो आणि मिठाची रिकामी पिशवी दाखवली की पात्राच्या हातात पाव येतो.

गेल्या पावसाळ्यात नाशिकला माझ्या घरी हा उद्योग मी माझ्या भाचीसाठी सुरू केला. ती माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधण्याचा खेळ खेळते, आणि त्यातल्या इंग्रजी आज्ञा दर वेळी अचूक टाइप करताना तिचा खेळ मोडत असे. स्कॅनर लावल्यावर ही अडचण पहिल्याच संध्याकाळी सुटेल असे वाटले होते. प्रत्यक्षात सगळे नीट बसायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे कळले ते येथे क्रमाने लिहिते, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तेवढा वेळ जाणार नाही.

स्कॅनर निवडताना

नाशकात जुना स्कॅनर मिळवायचा तर महात्मा गांधी रोडवरच्या संगणकाच्या दुकानांत विचारावे, बिलिंगची यंत्रे बसवून देणाऱ्या मंडळींकडे विचारावे. पण माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आपल्या नेहमीच्या औषधाच्या दुकानदाराला विचारणे. औषधाच्या दुकानातले यंत्र दिवसभर हाताळलेले असले तरी धुळीपासून आणि पाण्यापासून वाचलेले असते, आणि दुकानदाराने चौकोनी क्यूआर वाचणारे नवे यंत्र घेतले की रेघांचे जुने यंत्र खणात पडून राहते. द्राक्षाच्या हंगामात पॅकहाउसमध्ये, म्हणजे द्राक्षे पेट्यांत भरण्याच्या जागी, राबलेले स्कॅनरही विकायला येतात, मात्र त्यांच्या काचेवर आणि घोड्यावर, म्हणजे बोटाने दाबायच्या खटक्यावर, चिकट थर बसलेला असतो, तो आधी पाहावा.

घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. घोडा दाबल्यावर पांढऱ्या कागदावर लाल रेषा अखंड आणि सरळ पडली पाहिजे. रेषेऐवजी नुसता ठिपका किंवा आखूड तुकडा दिसत असेल तर आतला हलणारा आरसा अडकलेला आहे असे समजावे आणि तो स्कॅनर घेऊ नये. वायर मुठीत जिथे शिरते तिथे ती हलवून पाहावी, कारण जुनी यंत्रे बहुतेक वेळा तिथेच तुटतात. पुढच्या काचेवर खोल ओरखडे नसावेत. आणि वायरीच्या टोकाला यूएसबीच असावे. टोक जुन्या गोल कीबोर्डाचे किंवा नऊ टाचण्यांच्या सीरियल पोर्टाचे असेल तर लगेच नाही म्हणू नये. अनेक स्कॅनरांत मुठीच्या तळाशी वायर सुटी काढता येते, कागदाला लावायच्या टाचणीचे टोक छिद्रात दाबले की ती निघते, आणि त्याच मॉडेलची यूएसबी वायर वेगळी मिळते. सिम्बॉल कंपनीचे एलएस २२०८ हे बाजारात भरपूर दिसणारे मॉडेल याच पद्धतीचे आहे. सिम्बॉल कंपनी २००७ मध्ये मोटोरोलाकडे आणि तो व्यवसाय २०१४ मध्ये झेब्राकडे गेला, त्यामुळे एकाच यंत्रावर तीनपैकी कोणतेही नाव असू शकते. माहितीपुस्तिका शोधताना हे लक्षात ठेवावे.

लेझरचा स्कॅनर मोबाइलच्या पडद्यावरचा बारकोड सहसा वाचत नाही, कारण त्याला पृष्ठभागावरून परतलेला स्वतःचाच प्रकाश पाहायचा असतो. कॅमेऱ्यासारखे चित्र टिपणारा स्कॅनर पडदाही वाचतो. कागदी कार्डांसाठी दोन्ही चालतात आणि मला लेझरच अधिक आवडतो, कारण मुलांना ती रेषा दिसते आणि नेम धरण्याची गंमत येते. मात्र ती रेषा कोणाच्याही डोळ्यांत धरायची नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्यावा आणि तो मोडल्यास स्कॅनर त्या दिवसापुरता कपाटात जावा.

आधीच्या मालकाची सवय पुसणे

मी चारशे रुपयांना घेतलेला स्कॅनर विक्रेत्याच्या टेबलावर उत्तम चालला, आणि घरी आल्यावर प्रत्येक आकड्यामागे एंटरऐवजी टॅब टाकू लागला. खेळात टॅब दाबला की खेळाडूंची यादी उघडते, हे त्या विक्रेत्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आधीच्या दुकानात बिलाच्या एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जाण्यासाठी तशी योजना केलेली असणार. हे असे प्रत्येक जुन्या स्कॅनरच्या बाबतीत गृहीत धरावे: कोणी पहिले काही अंक गाळायला सांगितलेले असते, कोणी आवाज बंद केलेला असतो, कोणी ठरावीक प्रकारचे बारकोड वाचायलाच मनाई केलेली असते.

या सर्व सूचना स्कॅनरला बारकोडनेच दिल्या जातात. मॉडेलची माहितीपुस्तिका उतरवून घ्यावी, तिच्यातला मूळ स्थितीला आणणारा बारकोड छापून तो प्रथम स्कॅनरकडून वाचवून घ्यावा, आणि मग ‘यूएसबी कीबोर्ड’ हा प्रकार निवडणारा बारकोड तसाच वाचवून घ्यावा. त्यानंतर नोटपॅड उघडून घरातला कोणताही पुडा स्कॅन करावा. तेरा अंक उमटून कर्सर पुढच्या ओळीवर गेला तर काम झाले; तो त्याच ओळीवर राहिला तर पुस्तिकेतला शेवटी एंटर जोडणारा बारकोड वाचवावा, कारण काही यंत्रांत एंटर आधीपासून असतो आणि काहींत तो मागून घालावा लागतो.

मराठी कीबोर्डाची अडचण

इथे मराठी घरांत हमखास अडचण येते. मी ‘स्लॅश टाइम सेट डे’ ही माइनक्राफ्टमध्ये दिवस आणणारी आज्ञा एका बारकोडमध्ये घालून नोटपॅड उघडे ठेवून स्कॅन केली, आणि पडद्यावर पहिलाच शब्द उमटला: ‘यूगसा’. भाचीने विचारले, “मावशी, याला मराठी येते?”

स्कॅनर अक्षरे पाठवत नाही, कीबोर्डावरच्या कळांच्या जागा पाठवतो; त्या जागेवर कोणते अक्षर आहे हे विंडोज ठरवते. माझ्या संगणकावर त्या वेळी इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू होता. त्यात स्लॅशच्या जागी ‘य’ असतो, टीच्या जागी दीर्घ उकार, आयच्या जागी ‘ग’, एमच्या जागी ‘स’ आणि ईच्या जागी काना. ही पाच अक्षरे ओळीने ठेवली की ‘यूगसा’ होते, म्हणजे स्कॅनर आपले काम अगदी बिनचूक करत होता. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी कीबोर्ड निवडला की प्रश्न सुटतो, पण खेळाच्या मध्यावर ते लक्षात राहत नाही. विंडोजच्या कीबोर्डविषयक प्रगत सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याची सोय आहे. ती चालू करावी, म्हणजे पत्र मराठीत आणि खेळ इंग्रजीत असे दोन्ही आपापल्या जागी राहते. कॅप्स लॉक चालू असल्यासही अक्षरे उलटी, लहानाची मोठी आणि मोठ्याची लहान होतात. अंकांना कॅप्स लॉकची बाधा होत नाही. पुढे कार्डांत केवळ अंक वापरण्याचा निर्णय मी घेतला, त्याचे एक कारण हेच.

वेग कमी करणे

नोटपॅडमध्ये बिनचूक उमटणारी आज्ञा खेळात मात्र अर्धवट पोचते. आज्ञा टाइप करायची चॅटची पट्टी उघडते, पण तिच्यात पहिली दोन-तीन अक्षरे नसतात आणि खेळ ‘अशी आज्ञा नाही’ असे तांबड्या अक्षरांत सांगतो. पुष्कळ जण इथेच स्कॅनर खराब आहे असे समजून प्रयोग सोडून देतात, म्हणून या भागाकडे नीट लक्ष द्यावे.

नोटपॅडचा व्यवहार टपालपेटीसारखा असतो. आलेली प्रत्येक कळ पेटीत पडून राहते आणि सवडीने उचलली जाते, त्यामुळे ती कितीही वेगाने आली तरी हरवत नाही. पुष्कळसे खेळ मात्र ठरावीक अंतराने दार उघडून बाहेर पाहणाऱ्या माणसासारखे वागतात: या क्षणी कोणती कळ दाबलेली आहे, एवढेच ते पाहतात. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे येत असतील तर दोन वेळा दार उघडण्यात सुमारे १६.७ मिलिसेकंद जातात. स्कॅनरने त्या फटीत कळ दाबून सोडलीही असेल तर खेळाच्या दृष्टीने ती कधी दाबलीच गेली नाही. माइनक्राफ्टमध्ये आणखी एक गाठ आहे. त्याचे जग सेकंदाला २० ठोक्यांनी चालते, म्हणजे एक ठोका ५० मिलिसेकंदांचा, आणि स्लॅश दाबल्यावर चॅटची पट्टी पुढच्या ठोक्याला उघडते. त्या वेळात स्कॅनरने पाठवलेली अक्षरे पट्टीत न जाता उघड्या जगात पडतात.

उपाय स्कॅनरमध्येच आहे. बहुतेक यंत्रांना दोन अक्षरांमध्ये थोडा विलंब ठेवण्याची सूचना देता येते. एलएस २२०८ मध्ये विलंब नाही, मध्यम म्हणजे २० मिलिसेकंद आणि दीर्घ म्हणजे ४० मिलिसेकंद असे तीन पर्याय आहेत. मी आरंभापासून दीर्घ विलंब ठेवते. चार अंक आणि एंटर पाठवायला त्यामुळे दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो आणि खेळताना तो जाणवत नाही. मात्र ४० हे ५० पेक्षा कमीच आहेत, त्यामुळे माइनक्राफ्टची संपूर्ण आज्ञा थेट बारकोडमधून पाठवणे या विलंबानेही भरवशाचे होत नाही. कधी साधते, कधी हुकते. या हुकण्यानेच मला योग्य मार्गावर आणले.

बारकोडमध्ये आज्ञा नको, फक्त क्रमांक

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, कार्डावर खेळातली आज्ञा छापू नये. कार्डावर फक्त त्या कार्डाचा क्रमांक असावा, आणि त्या क्रमांकाने काय करायचे हे संगणकाने ठरवावे. मुलांना हातात धरायला आवडेल असे कार्ड एकदाच छापावे लागते, खेळ बदलला किंवा खेळाच्या नव्या आवृत्तीत आज्ञेचे शब्द बदलले तरी कार्ड तसेच राहते. भाचीचे सूर्याचे चित्र काढलेले कार्ड आज माइनक्राफ्टमध्ये दिवस आणते आणि उद्या विमानाच्या खेळात समोरचे दिवे लावील. तिच्या दृष्टीने ते ‘उजेडाचे कार्ड’ आहे.

आकाराचे गणितही याच बाजूने आहे. बारकोडचे दोन प्रकार घरगुती कार्डांसाठी सोयीचे आहेत. कोड ३९ हा १९७४ मधला प्रकार मोठी इंग्रजी अक्षरे, अंक आणि थोडी चिन्हे मिळून ४३ वर्ण जाणतो. प्रत्येक वर्णाच्या नऊ पट्ट्यांपैकी तीन रुंद असतात म्हणून त्याचे नाव ३९. लहान इंग्रजी अक्षर हवे असेल तर त्यात दोन वर्ण खर्च होतात. कोड १२८ हा १९८१ चा प्रकार संगणकाचे मूळ १२८ वर्ण सरळ जाणतो. ‘स्लॅश टाइम सेट डे’ या आज्ञेत मोकळ्या जागा धरून १३ वर्ण आहेत. सर्वांत बारीक पट्टी ०.३३ मिलिमीटर धरली तर कोड ३९ मध्ये ही आज्ञा सुमारे १३७ मिलिमीटर लांब होते आणि व्हिजिटिंग कार्डावर मावत नाही. कोड १२८ मध्ये ती सुमारे ५९ मिलिमीटर होते, म्हणजे मावते. पण चार अंकी क्रमांक कोड ३९ मध्येही अवघ्या ३१ मिलिमीटरांत बसतो आणि कार्डावर चित्र काढायला भरपूर जागा उरते. दोन्ही बाजूंना सर्वांत बारीक पट्टीच्या किमान दहापट, म्हणजे तीन-साडेतीन मिलिमीटर कोरी जागा सोडावी. त्या कोऱ्या जागेत मुलांनी वेलबुट्टी काढली की स्कॅनर मुका होतो.

कोड ३९ छापणे सर्वांत सोपे आहे. ‘लिब्रे बारकोड ३९’ हा मोफत फॉन्ट उतरवून घ्यावा, क्रमांकाच्या आधी आणि नंतर एकेक तारांकन टाइप करावे आणि तो मजकूर या फॉन्टमध्ये बदलावा. तारांकने हे या बारकोडचे आरंभ आणि शेवट दाखवणारे वर्ण आहेत. ती विसरली तर पट्ट्या दिसायला बरोबर दिसतात पण वाचल्या जात नाहीत. कोड १२८ हवा असेल तर इंकस्केप या मोफत चित्रप्रणालीत बारकोड काढण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा, कारण या प्रकारात वाचन बरोबर झाले की नाही हे पडताळणारा एक तपास वर्ण गणिताने काढावा लागतो आणि नुसत्या फॉन्टने तो येत नाही.

छपाईबाबत मी हट्टी आहे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा आणि टपालाची तिकिटे छापणाऱ्या शहरात बारीक रेघेचे मोल वेगळे सांगायला नको. इंकजेटची शाई साध्या कागदावर पसरते आणि बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटतात, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट काढून घ्यावी आणि ‘पानात बसवून’ नको, शंभर टक्के आकारातच छापा, असे स्पष्ट सांगावे. लॅमिनेशन चकचकीत असेल तर सरळ समोरून धरल्यावर प्रकाश आरशासारखा परततो आणि वाचन फसते. कार्ड दहा-पंधरा अंश तिरपे धरले की वाचले जाते. रंगांचा एक नियम मुलांना आवर्जून सांगावा: लाल प्रकाशाला लाल, केशरी आणि पिवळा हे रंग पांढऱ्यासारखेच दिसतात. त्यामुळे झेंडूच्या रंगाच्या कागदावर काळ्या पट्ट्या उत्तम वाचल्या जातात, आणि पांढऱ्या कागदावरच्या लाल पट्ट्या स्कॅनरला मुळी दिसतच नाहीत.

संगणकाच्या बाजूची जोडणी

विंडोजवर हे काम ऑटोहॉटकी या, कळ दाबली की ठरवून दिलेले काम करणाऱ्या, मोफत साधनाने होते. तिथे स्कॅनर आणि कीबोर्ड यांतला फरक आपोआप कळत नाही, कारण दोघेही कीबोर्डच. म्हणून स्कॅनरने प्रत्येक क्रमांकाआधी एक खुणेची कळ पाठवावी अशी सूचना पुस्तिकेतल्या बारकोडने द्यावी. मी टॅबच्या वरची, टिल्डची कळ वापरते. काही खेळांत ती कळ आज्ञांची खिडकी उघडते. आपला खेळ तसा असेल तर दुसरी न लागणारी कळ निवडावी.

ऑटोहॉटकीच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे तिला द्यायच्या सूचनांच्या फाइलमध्ये, तीन टप्पे लिहायचे असतात. पहिल्या टप्प्यात खुणेची कळ ही हॉटकी, म्हणजे ऑटोहॉटकीने मध्येच अडवायची कळ, म्हणून नोंदवावी, म्हणजे ती खेळापर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या टप्प्यात, ती कळ येताच ‘इनपुटहुक’, म्हणजे पुढे येणाऱ्या कळा टिपून ठेवणारी सोय, सुरू करावा, एंटर ही त्याची शेवटची कळ ठरवावी आणि एक सेकंदाची मुदत घालावी. या काळात आलेले अंक ऑटोहॉटकी स्वतःकडे ठेवते. हे फार महत्त्वाचे आहे, कारण माइनक्राफ्टमध्ये १ ते ९ हे अंक हातातली वस्तू बदलतात, आणि अंक आडवले नाहीत तर सूर्याचे कार्ड दाखवताच हातातली कुदळ जाऊन भलतीच वस्तू येते. खुणेची कळ आणि पहिला अंक यांच्यामध्ये हुक सुरू व्हायला क्षणभर लागतो. स्कॅनरमध्ये आधी ठेवलेला ४० मिलिसेकंदांचा विलंब इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. तिसऱ्या टप्प्यात, मिळालेला क्रमांक एका यादीत शोधावा आणि तिथे लिहिलेले काम करावे.

माइनक्राफ्टसाठीचे काम असे: टीची कळ पाठवावी, २०० मिलिसेकंद थांबावे, मग स्लॅशसह पूर्ण आज्ञा पाठवावी आणि एंटर द्यावे. हे थांबणे स्कॅनरला जमत नव्हते, ते इथे सहज जमते. आज्ञा चालण्यासाठी जग तयार करताना आज्ञांना परवानगी दिलेली असावी लागते. ज्या खेळांत कळ दाबून धरावी लागते तिथे कळ ‘खाली’ पाठवावी, ८० मिलिसेकंद थांबावे आणि मग ‘वर’ पाठवावी, म्हणजे दार उघडून पाहणाऱ्या खेळाला ती नक्की दिसते. सगळे बरोबर लिहूनही खेळ दाद देत नसेल आणि तो खेळ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल, तर ऑटोहॉटकीही तशीच चालवावी लागते.

लिनक्सवाल्यांची सोय अधिक चांगली आहे. तिथे प्रत्येक उपकरण वेगळे दिसते, आणि पायथन या संगणकभाषेच्या ईव्हीडेव्ह या संचाने केवळ स्कॅनर पूर्णपणे आपल्या ताब्यात घेता येतो, त्यामुळे खुणेच्या कळीची गरजच उरत नाही.

स्वयंपाकघरातले पुडे

कार्डे तयार झाल्यावर भाचीचे लक्ष स्वयंपाकघराच्या मांडणीकडे गेले, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सर्वांत आनंदाचा भाग तोच ठरला. दुकानातल्या वस्तूंवर ईएएन प्रकारचा तेरा अंकी बारकोड असतो. आपल्याकडच्या बहुतेक पुड्यांवर तो ८९० ने सुरू होतो. हा आकडा क्रमांक भारतातल्या संस्थेमार्फत घेतल्याचे दाखवतो, वस्तू भारतात बनल्याचे नव्हे. एकाच वस्तूच्या एकाच वजनाच्या सर्व पुड्यांवर एकच क्रमांक असतो. म्हणून मिठाची पिशवी संपली तरी नवी पिशवी तेच काम करते, पण अर्ध्या किलोची पिशवी एक किलोच्या पिशवीचे काम करीत नाही. त्यासाठी वेगळी नोंद करावी लागते.

नोंद करणे अवघड नाही. नोटपॅड उघडावे, पुडा स्कॅन करावा, उमटलेला क्रमांक यादीत घालावा आणि त्यापुढे काम लिहावे. आमच्याकडे पोह्यांचा पुडा पाव देतो, काड्यापेटीचे मोठे पाकीट ६४ मशाली देते आणि चहाचा पुडा सकाळ करतो; ही शेवटची योजना भाचीची आहे आणि ती मला फार योग्य वाटते. वस्तूंच्या बारकोडवरून खेळ खेळण्याची कल्पना जुनीच आहे, जपानमधल्या एपॉक कंपनीने १९९१ मध्ये ‘बारकोड बॅटलर’ नावाचे हातात धरायचे यंत्र काढले होते आणि त्यात पुड्यांचे बारकोड सरकवून योद्धे तयार होत. आपल्याला ते विकत घ्यावे लागत नाही, मांडणीवरचे डबे पुरतात.

स्वतःचे ईएएन बारकोड काढायचे असतील तर एक गोष्ट पाळावी लागते. त्यातला तेरावा अंक मनाने ठरवता येत नाही. आधीच्या बारा अंकांतल्या विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज करावी, सम स्थानांवरच्या अंकांच्या बेरजेची तिप्पट तिच्यात मिळवावी, आणि येणाऱ्या संख्येला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेण्यासाठी जो अंक लागेल तो तेरावा अंक. ८९०१२३४५६७८९ या संख्येत विषम स्थानांची बेरीज २८ आणि सम स्थानांची ३४ येते. २८ अधिक १०२ म्हणजे १३०, म्हणून तेरावा अंक ०. हा अंक चुकला तर स्कॅनर आवाजही करत नाही. दुकानातल्या खऱ्या वस्तूशी गोंधळ टाळायचा असेल तर २०० ते २९९ मधल्या आकड्याने सुरुवात करावी, कारण तो पट्टा अंतर्गत वापरासाठीच राखलेला आहे.

कोणत्या खेळाला हे शोभते

कार्ड उचलणे, धरणे, घोडा दाबणे यात एक-दोन सेकंद जातात. त्यामुळे नेमबाजीच्या किंवा धावण्याच्या खेळात या स्कॅनरचा उपयोग नाही. बांधकामाचे, शेतीचे, विमान चालवण्याचे, चाल विचारपूर्वक करायचे खेळ त्याला शोभतात. विमानाच्या खेळात उड्डाणापूर्वीच्या तपासणीची एक पट्टी करावी, एकाखाली एक बारकोड आणि शेजारी कामाचे नाव, आणि वरून खाली रेषा फिरवत जावे. जुन्या खेळांच्या संग्रहासाठी तर प्रत्येक खेळाचे एक कार्ड करावे. कार्ड दाखवले की ऑटोहॉटकी तो खेळ सुरू करते, आणि मुलांना फाइलींच्या जंजाळात शिरावे लागत नाही.

इंटरनेटवर इतरांविरुद्ध खेळल्या जाणाऱ्या खेळांत मात्र हे वापरू नये. तिथे अशी मदत घेणे नियमांत बसत नाही, खाते बंद होऊ शकते, आणि समोर खेळणाऱ्यावर तो अन्यायही आहे.

शेवटी दोन बंदोबस्त करून ठेवावेत. पहिला असा की, सगळे जुळल्यावर पुस्तिकेतला सूचना-वाचन बंद करणारा बारकोड वाचवावा आणि सूचनांची छापील पाने उचलून ठेवावीत, नाहीतर मुलांच्या हातून एखादी सूचना वाचली जाते आणि दुसऱ्या दिवशी स्कॅनर पुन्हा टॅब टाकू लागतो. दुसरा बंदोबस्त म्हणजे ‘थांबा’ कार्ड. कळ ‘खाली’ पाठवल्यावर मध्येच खेळ बंद पडला तर ती कळ दाबलेलीच राहते आणि नंतर नोटपॅडमध्येही एकच अक्षर वाहत राहते. सर्व कळा ‘वर’ पाठवून स्क्रिप्ट नव्याने सुरू करणारे एक कार्ड यादीत पहिल्या क्रमांकावर असावे. आमचे ते कार्ड पिवळ्या जाड कागदावर काळ्या पट्ट्यांत छापलेले आहे आणि संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कडेला, भाचीचा हात पोचेल अशा उंचीवर, चिकटवलेले आहे.